बिस्त्राची सावली

लिफ्ट अडकली तेव्हा दोन्कामावशी माझ्यावर ओरडली नाही, आणि तिथेच मला धास्ती बसली. एरवी चहा गार मिळाला तरी ती सगळी इमारत डोक्यावर घेते. त्या दिवशी ती नुसती समोर बघत राहिली आणि गळ्याभोवतीचा मफलर तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला.

समोर भिंत होती. आमच्या इमारतीच्या लिफ्टला आतलं दार नाही. वर जाताना सिमेंटची भिंत नाकासमोरून खाली सरकत जाते, मध्येच एखाद्या मजल्याचं दार येतं, पुन्हा भिंत. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये ती सरकायची थांबली. डोक्याच्या वर पाचव्या मजल्याच्या दाराची खालची वीतभर कड तेवढी दिसत होती. बाकी सगळी भिंत, आणि तिच्यावर कुणीतरी कधीतरी खिळ्याने कोरलेलं एक बदामाचं चित्र.

"ल्युबो," मावशी म्हणाली, "हे तू मुद्दाम केलंस का?"

"मी कशाला मुद्दाम करीन?"

"तुझा काय भरवसा. बाईला भिंतीत घालायची तुला हौसच आहे."

हे तिचं बोलणं खोटं नव्हतं. मी ल्युबेन, कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या कथा लिहितो. आठव्या मजल्यावर आमची कंपनी आहे, म्हणजे तीन खोल्या, पाच माणसं आणि एक आजारी प्रिंटर. आमच्या खेळातली जादूगरीण बिस्त्रा ही माझी निर्मिती. नदी उलटी फिरवणारी, चंद्र आकाशातून उतरवून परातीत ठेवणारी बाई. तिच्यापुढे राजे चळाचळा कापतात. आणि अशा बाईला मी पहिल्या खेळाच्या शेवटी पुलात चिणून टाकलं.

कशी चिणली, तर आमच्याकडे गवंडी पूर्वी चिणायचे तशी. पूल सारखा ढासळतो, मग गवंडी रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या माणसाची सावली गुपचूप दोऱ्याने मोजतो आणि तो दोरा पुलाच्या पायामध्ये घालून वर दगड रचतो. पूल उभा राहतो. माणूस चाळीस दिवसांत झिजून मरतो आणि त्याचा जीव त्या पुलाची राखण करत बसतो. माझ्या कथेतल्या गवंड्याने धुक्यात चुकून बिस्त्राचीच सावली मोजली. ती मरणार कशी? एवढी ताकदवान बाई, ती नुसतीच अडकली. तीनशे वर्षं. ज्या पुलाने तिला गिळलं त्याचीच राखणदार होऊन.

खेळणाऱ्यांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली. बिस्त्राला सोडवा म्हणून जगभरातून तगादा लागला. तो तगादा माझ्या लेखणीमुळे नव्हता हे मी जाणून आहे. तो दोन्कामावशीच्या आवाजामुळे होता. ती आमच्या गाब्रोवो गावच्या बाहुल्यांच्या थिएटरातली जुनी नटी. कोल्हे, बोकड, सावत्र आया, झार, सगळ्यांना तिने आवाज दिला. माझी सख्खी मावशी नव्हे, पण गावातल्या निम्म्या लोकांची ती मावशीच आहे, कारण लहानपणी सगळ्यांना तिनेच घाबरवलंय. बिस्त्राचा आवाजही तिचाच. शेवटचा दगड बसतो तेव्हा बिस्त्रा नुसती "अरे, थांबा ना" म्हणते. ते ऐकून आमचा हिशेबनीस स्वयंपाकघरात जाऊन रडला होता.

दुसऱ्या खेळात बिस्त्रा सुटणार होती. सुटकेचं भाषण मी लिहिलं होतं, चांगलं पानभर. आणि लिफ्ट अडकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी राजधानीत, सोफियाच्या हॉस्पिटलात मावशीच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रावर गाठ होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: आवाज राहीलही, बहुतेक राहणार नाही. संध्याकाळची बस पकडून तिला सोफियाला पोचायचं होतं. त्याआधीची ही शेवटची दुपार, आणि आम्ही दोघं भिंतीला नाक लावून उभे.

"गेन्चोला फोन लाव," मावशी म्हणाली.

गेन्चो आमचा आवाजाचा माणूस. अंगाने अस्वल, कान मात्र सशाचे. मी त्याला सगळं सांगितलं. तो वरून जिन्यातून डोकावला असावा, कारण त्याचा आवाज फोनमधून आणि लिफ्टच्या उभ्या पोकळीतून असा दोन्हीकडून आला.

"अडकलात? अरे देवा. मेकॅनिकला बोलावतो. पेन्योला. तो आज सेव्हलिएव्होला गेलाय म्हणे. येईल."

"कधी येईल?"

"येईल रे. आज पहिली मार्च, घरोघर मार्तेनित्साचे लाल-पांढरे दोरे मनगटाला बांधून घेत बसला असेल. तुम्ही काय कुठे पळून जाणार आहात?"

"गेन्चो," मावशीने माझ्या हातातून फोन ओढला, "विनोद पुरे. हातोडा घे आणि ती भिंत फोड."



हा त्या दिवसाचा खरा गुंता होता. गेल्या जूनमध्ये आम्ही दुसऱ्या खेळासाठी आवाज नोंदवायची खोली बांधली. पहिला खेळ आम्ही कपाटात रजया टांगून केला होता. नवी खोली मात्र गेन्चोने स्वतः उभी केली, पत्र्याची चौकट, वर जिप्समबोर्ड, आत कापूस. आणि भिंत बंद करण्याआधी या शहाण्याने काय केलं, तर मावशी खाली फाटकापाशी सिगारेट ओढत उभी असताना बुटाची लेस बांधण्याचं नाटक करून तिची सावली दोऱ्याने मोजली, आणि तो दोरा कापसाच्या मागे टाकून वर बोर्ड ठोकला. का, तर शकुन म्हणून! बिस्त्राचा आवाज या खोलीला लाभावा म्हणून! आमच्याकडची माणसं अशी आहेत. हातात लाखाचा मायक्रोफोन असतो आणि मनात आजीच्या गोष्टी.

मावशीला हे कळलं ते गेल्या आठवड्यात. जेवणं झाली होती, राकियाच्या दुसऱ्या बाटलीला हात लागला होता, आणि गेन्चोने आपण होऊन ही फुशारकी मारली. सगळे हसले. मावशी हसली नाही. हातातला काटा खाली ठेवून ती म्हणाली, "जूनमध्ये? माझा आवाज बसायला लागला तो शरदात." आणि कोट घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवला. दोरा काढल्याशिवाय ती ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही. सावली भिंतीत ठेवून भूल घ्यायची नाही, भूल घेतलेला माणूस अर्धा तिकडे असतो, मग तो परत येईल कशाच्या आधाराने? मी तिला समजवायला गेलो. म्हटलं, मावशी, तुम्ही इतकी वर्षं सिगारेटी ओढताय. ती म्हणाली, "तेच तर! इतकी वर्षं ओढतेय, मग आवाज याच वर्षी कसा गेला?"

आता मी फोन परत घेतला आणि हळूच म्हणालो, "गेन्चो, थांब. आत्ता फोडू नकोस. आम्ही वर येऊ, आधी नोंदवू, मग काय फोडायचं ते फोड. खोली फुटली तर नोंदवायचं कुठे?"

"मला ऐकू येतंय," मावशी म्हणाली. "माझा घसा बिघडलाय, कान नाही."

"मावशी, अहो, अर्ध्या तासाचं काम..."

"आधी भिंत."

"आधी भाषण!"

"मग बस इथे."

ती लिफ्टच्या कोपऱ्यात पाय मुडपून बसली. चार माणसांची लिफ्ट असं पाटीवर लिहिलंय, पण ती चार माणसं बहुतेक उपाशी असावीत. मी बसलो तर आमचे गुडघे एकमेकांना लागले. तिच्या पिशवीतून बानित्साचा वास येत होता, बसमध्ये खायला घेतलेली. खालून कुणाच्या तरी घरातून आंबवलेल्या कोबीचा वास येत होता. दिव्याचा पिवळा उजेड मध्येच मंद व्हायचा.

वेळ जात राहिला. पेन्यो निघाला असं गेन्चोने सांगितलं. मग पेन्यो खरंच निघाला असं सांगितलं. इमारतीच्या कारभाऱ्याने जिन्यातून ओरडून आम्हाला धीर दिला आणि वर ऐकवलं की, खालच्या मजल्यांवरच्या लोकांनी लिफ्टच्या दुरुस्तीला हातभार लावला असता तर ही वेळ आली नसती, पण ते म्हणतात आम्ही जिन्याने जातो. आमच्या गावात हे असंच असतं. मांजरीची शेपटी कापली तर दार लवकर लागतं आणि घरातली ऊब वाचते, अशी आमची ख्याती आहे. बाहेरचे लोक हसतात. आम्ही मनातल्या मनात विचार करतो की कल्पना वाईट नाही.

मावशीचा श्वास मात्र बदलला होता. वरच्यावर, आवाज करत येत होता. तिने मफलर सैल केला, पुन्हा आवळला. तळहात भिंतीला लावून बघितला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मावशी, घाबरू नका. लिफ्ट खाली पडत नाही. वर पकड असते."

"पडायला कोण घाबरतंय? पडले तर निदान कुठेतरी जाईन." मग म्हणाली, "ल्युबो, एक सांग. ती तीनशे वर्षं आत काय करत होती रे?"

"कोण?"

"कोण काय? बिस्त्रा!"

गवंड्याचं धुकं मी दोन पानं लिहिलं होतं. सुटकेचं भाषण पानभर. मधल्या तीनशे वर्षांसाठी पडद्यावर एकच ओळ होती: 'तीनशे वर्षांनंतर'.

"तू लिहिलंसच नाही," ती म्हणाली. "बाई आत कोंबली, झाकण लावलं आणि तू जेवायला गेलास."

मला खरोखर लाज वाटली. लाज वाटली की माझे हात काहीतरी काम शोधतात. माझ्या बॅगेत आमचं छोटं रेकॉर्डर होतं, दुरुस्तीहून तेव्हाच आणलेलं. मी ते काढलं आणि दोघांच्या मध्ये लिफ्टच्या फरशीवर ठेवलं. माझा कोट काढून भिंतीच्या बाजूला उभा टेकवला, आवाज घुमू नये म्हणून. "तुम्ही सांगा," म्हटलं. "आत काय करत होती?"

तिने रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या देणार. तिने डोळे मिटले. आणि जो आवाज निघाला तो अर्धा दोन्कामावशीचा होता, अर्धा बिस्त्राचा, आणि दोन्ही आवाज फाटलेले होते.

"पहिली काही वर्षं मी चिडलेली होते. चिडलेलं असलं की बरं असतं, दिवस जातो. त्या गवंड्याला मी रोज नव्या तऱ्हेने मारत होते. मग तो म्हातारा होऊन आपला आपणच मेला. पुलावरून त्याला नेलं, मला पावलांवरून कळलं, सगळे एका चालीने चालत होते. त्या दिवशी मी खूप रडले. आता राग कुणावर काढू?

"मग मी पावलं ऐकायला लागले. कुणाची बकरी लंगडते. कोणती नवरी सासरी जाताना सारखी मागे वळते. एक पोरगी रोज पुलाच्या मध्यावर थांबून पाण्यात थुंकायची, ती मला फार आवडायची. ती एके दिवशी थांबली नाही. घाईत निघून गेली. मोठी झाली असेल.

"मी नदी उलटी फिरवू शकते. पण पाठीला खाज सुटली तर हात मागे वळत नाही. माझी सगळी विद्या हाताच्या बोटांत आहे, आणि बोटं दगडात आहेत.

"आवाज आहे. म्हणजे असावा. बोलायला कुणी नाही ना, म्हणून तो जपून ठेवलाय. आधी वाटायचं हाक मारावी. मग वाटलं, मारली आणि आलाच नाही तर? न मारता निदान असं तरी वाटतं की आहे. रोज सकाळी उठते आणि विचार करते, आज बघू का? आणि बघत नाही. भीती वाटते. मला भीती वाटते, ल्युबो."

शेवटचं वाक्य बिस्त्राचं नव्हतं. ती खोकायला लागली, आणि खोकला थांबेचना. मी पाण्याची बाटली पुढे केली. अर्धं पाणी मफलरवर सांडलं. इतकं चांगलं काम माझ्या कानांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरा एक हलकट विचार आला: ही आवाज संपवतेय. उरलासुरला आवाज इथे अडकण्यावरच खर्च होतोय, सुटकेला काही उरणार नाही.

मी खिशातून भाषणाचा कागद काढला. "मावशी, आता हे. इथेच होऊन जाऊ दे. चालू आहे अजून."

तिने कागद लांब धरून वाचला. "'हे पर्वतांनो, ऐका! तीन शतकांच्या मौनाचे शिलाखंड भेदून...'" तिने कागद खाली केला. "असं कोण बोलतं?"

"जादूगरीण आहे ती!"

"तीनशे वर्षांनी बाहेर आलेली बाई आधी मुतायला जाईल."

"मावशी, प्लीज. एकदा वाचा. मी बदलेन नंतर."

"नाही वाचणार. अरे, मी अजून आत आहे! तुला दिसत नाही का? बाहुल्यांच्या थिएटरात कोल्हा विहिरीत पडायचा तेव्हा मी बादलीत डोकं घालून बोलायचे. उभं राहून विहिरीतलं बोलणं मला कधी जमलं नाही. बाहुली जिथे असते तिथूनच आवाज काढायचा असतो. मला आधी बाहेर काढा. मला आणि माझ्या सावलीला. मग बोलते."

"आणि उद्यापासून आवाजच नसेल तर?"

मी ओरडलो होतो. लिफ्टमध्ये ओरडलेलं कुठे जात नाही, ते आपल्याच अंगावर परत येतं. मावशीने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता चेहरा होता. तिने कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. माझ्या मुलांना ही बाई नातवंडांसारखी खेळवते. माझ्या बापाच्या अंत्यविधीला हिने सगळ्यांचं जेवण केलं होतं. आणि मी तिच्या घशाकडे नळाची धार बघावी तसा बघत होतो, बंद होण्याआधी बादली भरून घेऊ म्हणून. बिस्त्राला चिणणारा गवंडी मी लिहिला तेव्हा तो दुष्ट नव्हता असं मी मुद्दाम ठरवलं होतं. त्याला फक्त पूल पूर्ण करायचा होता. आता कळलं तो मला इतका नीट का सुचला.

मी फोन उचलला. "गेन्चो, फोड."

"खोली? आख्खी?"

"दोरा सापडेपर्यंत फोड."

"ल्युबो, कापूस इटलीचा आहे..."

"फोड म्हणतो ना!"

थोड्या वेळाने वरून पहिला घाव ऐकू आला. आठव्या मजल्यावरून लिफ्टच्या पोकळीतून तो खाली येईपर्यंत जड झालेला असायचा, छातीवर बसायचा. दुसरा. तिसरा. बोर्ड कडाकड मोडत होता. प्रत्येक घावाला मावशीचे खांदे थोडे खाली येत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

"पाठ खाजव," ती म्हणाली. "डावीकडे. जरा वर."

मी खाजवली.

पेन्यो आला तेव्हा घाव थांबले होते. वर मोटारीच्या खोलीत काहीतरी खडखडलं, लिफ्ट धापा टाकत तीन-चार हात वर सरकली आणि पाचव्या मजल्याच्या दारापाशी, पण गुडघाभर खाली, पुन्हा थांबली. पेन्योने किल्ली फिरवली. दार उघडलं आणि जिन्यातली गार हवा आत आली. पेन्यो टोपी मागे सारून उभा होता. त्याच्या शेजारी गेन्चो, डोक्यापासून पायापर्यंत जिप्समने पांढरा, भुवयांवर इटलीचा कापूस, आणि चेहरा असा की शाळेत छडी खायला उभा आहे.

"सापडला?" मावशीचा आवाज आता नुसता खरखर होता.

गेन्चोने मूठ पुढे केली आणि उघडली.

मावशीने दोरा चिमटीत धरून वर उचलला. एक टोक हवेत आलं, दुसरं टोक लगेचच त्याच्यामागून आलं. साधा पांढरा दोरा, हातभर लांब. हातभरसुद्धा नसेल.

ती दोऱ्याकडे बघत राहिली. मग गेन्चोकडे. मग पुन्हा दोऱ्याकडे.

"एवढीच?"

गेन्चोने घसा साफ केला. "भर दुपारी मोजली ना, मावशी. जून होता. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर सावली फाटकाच्या पार गेली असती. म्हटलं, उगाच अख्खं रीळ कशाला वाया घालवायचं?"

मग दोन्कामावशीच्या पोटातून कुठूनतरी एक आवाज निघाला, गंजलेली खिडकी उघडताना येतो तसला, आणि मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. लिफ्टच्या कठड्याला धरून, वाकून, दोरा नाचवत हसत होती. "एवढीच! अरे मेल्या! मला भिंतीत घातलं आणि त्यातही काटकसर! एवढीच होते मी आत! बाकीची सगळी मी बाहेरच होते की रे!" पेन्यो हसायला लागला, त्याला काय झालंय हे माहीतही नव्हतं. गेन्चो हसत होता आणि डोळे पुसत होता, त्यामुळे चेहऱ्यावर जिप्समचा चिखल होत होता. मावशीचं हसू चढत गेलं, फाटत गेलं, मग त्यात नुसती हवा उरली, आणि हवाही हसतच राहिली.

आम्ही तिला दोन्ही बाजूंनी हात देऊन गुडघाभर वर, बाहेर ओढलं. जिन्याच्या खिडकीत ऊन आलं होतं. तिने तो दोरा मनगटावरच्या लाल-पांढऱ्या मार्तेनित्साशेजारी बांधून घेतला, दाताने गाठ आवळली, आणि उरलेले सगळे मजले पायी उतरली. बस तिला मिळाली. निघताना तिने खिडकीतून गेन्चोला मूठ दाखवली.

रेकॉर्डर मला रात्री आठवलं. ते लिफ्टच्या फरशीवर, माझ्या कोटाआड, बॅटरी संपेपर्यंत चालू होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ सगळी निघाली. आवाज राहिला नाही.

एप्रिलमध्ये ती आमच्याकडे आली, लिफ्टने नव्हे, आठ मजले चढून. गळ्याला पट्टी होती, वजन उतरलं होतं. मनगटावर काही नव्हतं. हातांचे पंख करून तिने सांगितलं की वसंतातला पहिला करकोचा दिसला, आणि मग रिवाजाप्रमाणे मार्तेनित्सा आणि तो, दोन्ही दोरे हॉस्पिटलच्या अंगणातल्या फुललेल्या झाडाला बांधून टाकले. मोडक्या खोलीकडे बघून तिने गेन्चोच्या पोटात बोट खुपसलं. खोली आम्ही पुन्हा बांधली नव्हती. गेन्चो ती बांधायला धजत नव्हता.

मी तिला खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन ठेवले आणि खेळाची सुरुवात लावली. पडद्यावर काळोख. त्या काळोखात तिचं लिफ्टमधलं बोलणं, बकरी, नवरी, थुंकणारी पोरगी, जसंच्या तसं. शेवटी 'मला भीती वाटते'. पुढे माझं नाव होतं, ते मी कापून टाकलं. मग घाव. एक, दोन, तीन. पुलाचा दगड फुटतो, धूळ खाली बसते आणि जादूगरीण बिस्त्रा तीनशे वर्षांनी उजेडात येते. पर्वतांना उद्देशून केलेलं माझं भाषण तिथे नाही. ती खाली वाकते, दगडांच्या ढिगातून एक दोरा उचलते, हातभर लांब. त्याच्याकडे बघते.

"एवढीच?" बिस्त्रा म्हणते, आणि हसायला लागते.

दोन्कामावशीने ते ऐकलं. चेहरा हलला नाही. तिने बोट फिरवून खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावलं. तिने पुन्हा खूण केली. तिसऱ्या वेळी बिस्त्रा दोऱ्यासाठी वाकली तेव्हा मावशीही खुर्चीत पुढे वाकली आणि बरोबर त्या क्षणी, बिस्त्राच्या तोंडाबरोबर तिचं तोंड हललं. आवाज आला नाही. मग तिचे खांदे हलायला लागले, पट्टीखालचा गळा हलायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि हेडफोनमधलं हसू संपून गेल्यावरही ती तशीच, आवाजाविना, हसत राहिली.